प्रमिलाताई आणि माझं टेलिफोन रजिस्टर

ॲडव्होकेट प्रमिलाताई टेंबे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांच्याकडे माझ्या जावयांना हरवायला गेलो होतो. गौरवसमितीने ताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागितला, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. या ग्रंथात मोठमोठे विधिज्ञ लिहिणार, ताईंच्या हाताखाली तयार झालेले वकील लिहिणार. त्यांच्या पंगतीत आयुधनिर्माणीच्या भांडारातून निवृत्त झालेल्या माणसाने पाट मांडून काय बसावं? पण समितीच्या मंडळींनी सांगितलं की एक तरी लेख पक्षकाराचा हवा. मग मी होकार दिला. ताईंनी माझी केस कशी चालवली हे सांगायचं तर माझी चूकही सांगावी लागेल, आणि ती मी जशी घडली तशी सांगणार आहे. ताईंकडे जाऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या तऱ्हेने सांगता येत नाही.

माझी मुलगी अश्विनी लग्नानंतर कॅनडात टोरांटोला गेली. जावई निखिल मूळचे बिलासपूरचे, मराठीच, तिकडे एका कंपनीत इंजिनिअर. नात इरा तिथेच जन्मली. ती सहा वर्षांची असताना तिकडच्या शाळेच्या सुट्टीत अश्विनी तिला घेऊन जबलपूरला आली. परतीची तिकिटं काढलेली होती. नवरा-बायकोचं दोन वर्षांपासून पटत नव्हतं. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. पण एका घरात राहून दोघं एकमेकांशी चिठ्ठ्या लिहून बोलत होती. माहेरी आल्यावर तिचा धीर सुटला आणि परत जायचं नाही असं तिने ठरवलं. ठरवलं तिने, पण तिकिटं रद्द करायला बसलो मी. इराचं नाव इथल्या शाळेत घालून आलो तोही मीच.

निखिल रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन करत. तिकडे तेव्हा सकाळ असते; ऑफिसला निघण्याआधी ते लेकीशी बोलू पाहत. एका जाणत्या गृहस्थांनी मला सल्ला दिला की फोन मुलीच्या हाती देऊ नका, मूल इथे रुळलं आणि बापाला विसरलं की पुढे कोणी काही करू शकत नाही. हे गृहस्थ कोण ते लिहीत नाही. सल्ला मी मानला, म्हणजे तो माझाच. वर मी त्यात स्वतःची भर घातली. अडतीस वर्षं भांडारात काढलेला माणूस मी. आली-गेली वस्तू नोंदवल्याशिवाय माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही. मी बाजारातून लाल पाठीचं एक रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, कार्यवाही, शेरा. जावई रोज फोन करून आम्हाला किती छळतात याचा हा पक्का पुरावा तयार होतो आहे, अशी माझी समजूत होती. इराला आम्ही सांगितलं की बाबांचा फोन बिघडला आहे.

अडीच महिने हे चाललं. मग तिकडच्या न्यायालयाचा हुकूम आला की मुलीला परत आणा. निखिल यांनी तिकडे पोलिसांतही तक्रार दिल्याचं कळलं. पाठोपाठ त्यांनी इथल्या उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका लावली. म्हणजे मूल बेकायदा अडवून ठेवलं आहे, ते न्यायालयापुढे हजर करा. नोटिशीत अश्विनीच्या नावाखाली माझं नाव होतं. उभ्या नोकरीत मला कधी साधा मेमो मिळाला नव्हता, आणि आता स्वतःच्या नातीला डांबून ठेवल्याचा कागद हातात आला. पण माझं सोडा. अश्विनीला इकडे आड, तिकडे विहीर होती. परत गेली तर विमानतळावर पोलीस, राहायला घर नाही, नोकरी नाही, आणि इरा बापाकडे जाणार. इथे राहिली तर न्यायालय एक दिवस इराला तिच्या हातातून काढून घेऊन एकटीला विमानात बसवणार. लेकीचं मूल जातं की काय, हा एकच प्रश्न घरात होता.

अशा वेळी कुणीतरी प्रमिलाताईंचं नाव सांगितलं. जबलपूरच्या सदर बाजारात तयार कपड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. जिना अरुंद, वर एक मोठी खोली, आणि खोलीत वकिलाच्या ऑफिसात मी कधी न पाहिलेली एक वस्तू: लहान मुलांचं बुटकं टेबल, त्यावर रंगीत खडू. अश्विनी, इरा आणि मी गेलो तेव्हा ताई नुकत्याच कोर्टातून आल्या होत्या. त्यांनी काळा कोट काढून कपाटात ठेवला, गळ्यातली पांढरी पट्टी काढली आणि मगच इराला आत बोलावलं. मुलांच्या समोर त्या कोट घालून कधीच बसत नाहीत, हे मला पुढे कळलं. त्यांनी इराला खडू दिले, अश्विनीला पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोला, देशकरजी."

मी रजिस्टर पुढे केलं.

ताईंनी ते पहिल्या पानापासून वाचलं. घाईने पानं उलटणं त्यांच्या स्वभावात नाही. मी मनात शाबासकीची वाट पाहत होतो, आणि ती मिळालीही. "अक्षर मोत्यासारखं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. मग चष्मा वर करून त्यांनी इराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात माझ्याच नोंदी मला वाचून दाखवल्या.

"सायंकाळी सात वाजून पाच मिनिटं. फोन आला. दिला नाही. मूल खोलीत. पुढच्या दिवशी, सात वाजून दोन मिनिटं. फोन आला. दिला नाही. मूल दाराशी उभे." त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं. "मूल दाराशी काहून उभं होतं, देशकरजी?"

इरा दाराशी उभी राहत होती हे मी पाहिलं होतं, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, आणि तरी मला ते दिसलं नव्हतं. ताईंनी रजिस्टर मिटलं. म्हणाल्या की हा पुरावा उत्तम आहे, फक्त तो तुमचा नाही, निखिल यांचा आहे.

मी घाबरून म्हटलं की मग हे फाडून टाकतो. कोणाला माहीत आहे? त्यावर ताई रागावल्या नाहीत, पण आवाज एकदम सपाट झाला. रजिस्टर फाडलंत तर मी ही केस घेणार नाही, असं त्यांनी सांगितलं. ते जसं आहे तसं शपथपत्राला जोडून न्यायालयात जाईल. आणि वकालतनाम्यावर, म्हणजे वकीलपत्रावर, सह्या आज होणार नाहीत. आज संध्याकाळी सात वाजता फोन इराच्या हातात जाईल, मग उद्या या. अश्विनी रडू लागली. तिला वाटलं, इथेही कोणी आपल्या बाजूचं नाही. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोरी, मी तुझ्याच बाजूची आहे. पण तुझे बाबा केस लढून राहिले, अन् तुला लेक वाढवायची आहे. ही दोन कामं वेगळी आहेत."

निघताना ताईंनी आमच्या दोघांच्या हाती एकेक कोरा कागद दिला. ताईंचा हा रिवाज त्यांच्या सगळ्याच पक्षकारांना माहीत आहे. मुलाच्या ताब्याची केस घेण्याआधी पक्षकाराने स्वतःच्या हाताने एक पान लिहून आणायचं: समोरच्या माणसाने या मुलासाठी काय चांगलं केलं. टाइप केलेलं चालत नाही, दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. या कागदापायी काही पक्षकार जिन्यावरूनच परत फिरतात असं ताईंचे सहकारी सांगतात. मीही फिरणार होतो. ऑटोत बसल्यावर मी म्हणालो की या बाईंचं डोकं फिरलेलं दिसतं, दुसरा वकील पाहू. अश्विनी पर्समधून पेन काढून, हलत्या ऑटोत, मांडीवर कागद धरून लिहीत होती. घर येईपर्यंत तिचं पान भरलं होतं आणि ती पाठीमागे लिहायला लागली होती.

माझ्या कागदावर दोन ओळी झाल्या. जावई दारू पीत नाहीत. त्यांनी इराला पोहायला शिकवले. यापुढे पेन चालेना.

सातला फोन वाजला. माझ्या पत्नीने, सुनंदाने, तो उचलून इराच्या हातात दिला. अडीच महिन्यांनी बापाचा आवाज ऐकून पोर रडेल, तक्रार करेल, आजोबांनी फोन दिला नाही म्हणेल, अशा तयारीने मी समोर बसलो होतो. इराने विचारलं, "बाबा, तुमचा फोन बिघडला होता ना? दुरुस्त झाला?"

फोन स्पीकरवर होता, आम्ही तिघंही ऐकत होतो. त्या माणसाला सगळं माहीत होतं. रोज घंटी वाजते आणि कोणीतरी ती मुद्दाम बंद करतं, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. मग निखिल म्हणाले, "हो गं पिल्लू, बिघडला होता. आजच दुरुस्त झाला."

मी उठून आतल्या खोलीत गेलो आणि कागदावर तिसरी ओळ लिहिली: आज त्यांनी इराच्या समोर माझे खोटे झाकले. दुसऱ्या दिवशी ताईंनी अश्विनीचं दीड पान वाचलं, माझ्या तीन ओळी वाचल्या, आणि वकालतनामा पुढे सरकवला. तिसरी ओळ त्यांनी दोनदा वाचली हे मी पाहिलं.

ताईंच्या कामाची पद्धत मी पुढचे सात-आठ महिने जवळून पाहिली. परदेशातल्या मुलांच्या ताब्याच्या केसेस त्यांच्याकडे शहराबाहेरूनही येतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडची पोरं-पोरी परदेशी गेली. संसार तिकडे मांडले, मोडले तर माहेर इकडे. तेव्हा असा तंटा आला की लोक ताईंकडे पाठवतात. पण सगळं आपल्यालाच येतं असा आव ताईंनी कधी आणला नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अश्विनीला सांगितलं की तिकडच्या कायद्यातलं मला कळत नाही, तुला तिकडेही वकील लागेल. शोधाशोध करून टोरांटोच्या एक वकीलबाई मिळाल्या, आमच्या अश्विनीपेक्षाही वयाने लहान. त्यांच्याशी व्हिडिओवर बोलताना ताई शाळकरी मुलीसारखी वही घेऊन बसत आणि प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. पोलिसांतली तक्रार मागे घेतली म्हणजे नेमकं काय होतं, तसा कागद कोण देतं, तो विमानतळावर चालतो का. पंचेचाळीस वर्षांची वकिली पाठीशी असलेल्या बाई एका नव्या पोरीला म्हणत होत्या, जरा सावकाश सांगा, मी लिहून घेते. माझ्या साहेबांपैकी एकालाही मी असं करताना पाहिलं नव्हतं.

त्या पानाच्या रिवाजाबद्दल मी एकदा न राहवून विचारलं. कोर्टात तर तो कागद दाखल करत नाही, मग लिहून कशासाठी घेता? ताईंनी तरुणपणातली एक केस सांगितली. त्यांनी एका वडिलांच्या बाजूने लढून परदेशात राहणाऱ्या आईविरुद्ध निकाल मिळवला होता. निर्विवाद जिंकल्या, पेढे वाटले गेले. आई हळूहळू यायची बंद झाली. बऱ्याच वर्षांनी एक तरुणी ऑफिसात आली आणि म्हणाली, ती मुलगी मी, मला माझी फाइल वाचायची आहे. ताईंनी फाइल काढून दिली. तिने सबंध दुपार बसून ती वाचली आणि उठताना एवढंच म्हणाली की यात माझ्या आईबद्दल एकही चांगली ओळ नाही. "ते खरंच होतं," ताई मला म्हणाल्या. "मी एकही राहू दिली नव्हती. तेव्हापासून हे पान घेऊन राहिले मी. ते कोर्टासाठी नाही, देशकरजी. मूल मोठं होऊन येईल, त्याच्यासाठी आहे." हे सांगताना त्या खिडकीबाहेर सदरच्या रस्त्याकडे पाहत होत्या. स्वतःच्या जिंकलेल्या केसबद्दल इतक्या दुःखाने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

न्यायालयातला दिवस मला अजून आठवतो. समोरच्या बाजूचे वकील फोनचा मुद्दा काढणार हे उघडच होतं, आणि तो निघाला असता तर आमच्या तोंडाला काळं लागणार होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की चूक झाली आहे, ती आम्हीच लिहून ठेवली आहे, आणि अमुक दिवसापासून ती बंद झाली आहे. दोन्ही गोष्टी या रजिस्टरमध्ये आहेत. माझ्या अक्षरातली पानं न्यायमूर्तींच्या हातात गेली. मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. न्यायालयाने मुलीशी रोज फोनवर बोलायची वेळ बापाला ठरवून दिली आणि दोघांना मध्यस्थीला पाठवलं. बाहेर आल्यावर ताईंनी मला चहा पाजला आणि विचारलं, "हलकं वाटून राहिलं ना?" खरंच वाटत होतं.

निखिल जबलपूरला आले. सदरमधल्या एका लॉजवर तीन आठवडे राहिले. पहिली भेट ताईंच्या ऑफिसात, त्या बुटक्या टेबलाशी झाली. साडेपाच फुटांचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन त्या टेबलापाशी बसला आणि लेकीबरोबर तासभर मासे रंगवत राहिला. पुढे ते दोघं सदर बाजारात फिरायला जाऊ लागले. एका रविवारी तिला बरगीला धरण दाखवून आणलं; येताना ती त्यांच्या खांद्यावर झोपली होती. मी दार उघडलं तेव्हा आम्ही दोघंही कुजबुजतच बोललो, आणि ते आमचं वर्षभरातलं पहिलं बोलणं.

मध्यस्थीच्या बैठका सोप्या नव्हत्या. दोनदा अश्विनी उठून गेली, एकदा निखिल. ताई मात्र एका गोष्टीवरून तसूभर हलल्या नाहीत: इराला आई आणि बाप दोघंही रोज भेटता येईल इतक्या अंतरावर हवेत. नवरा-बायको म्हणून एकत्र राहणं आता होणार नाही हे दोघांनी मान्य केलं. मग ठरलं ते असं. अश्विनी इराला घेऊन टोरांटोला परत जाईल, पण आपल्या वेगळ्या घरात, शाळेजवळ. तिला नोकरी लागेपर्यंत त्या घराची जबाबदारी निखिल यांची. इरा एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. पोलिसांतली तक्रार आधी मागे, तिकडच्या न्यायालयाचा तसाच हुकूम आधी हातात, आणि तिकीट त्यानंतर. तिकडचा कागद येईपर्यंत ताईंनी अश्विनीला बॅगसुद्धा भरू दिली नाही.

लोक मला विचारतात की मग तुमची केस तुम्ही जिंकली की हरली. मी ताईंकडे गेलो होतो ते नातीला घरी ठेवायला. ताईंनी तिला परत पाठवलं. शाळेतून इराचं नाव मीच काढून आणलं. पण अश्विनीचं मूल अश्विनीकडे राहिलं, तिला बेड्या पडल्या नाहीत, आणि इराला कोणाचा फोन बिघडला आहे हे पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. यापेक्षा जास्त मागायला मी वकिलाकडे गेलो नव्हतो, हे मला उशिरा कळलं.

अटींचा मसुदा होत आला तेव्हा मी ताईंना एक विनंती केली. इराने दर रविवारी आजी-आजोबांना फोन करावा, हे कलम घाला. कागदावर असलं की कोणी नाही म्हणू शकत नाही. ताईंनी पेन खाली ठेवलं. "हे मी नाही लिहिणार. लॉज इथून चार पावलांवर आहे. तुम्ही स्वतः जाऊन विचारा त्यांना."

चार पावलं जायला मला पाऊण तास लागला. लॉजच्या समोरून दोनदा पुढे गेलो. शेवटी जिना चढलो. निखिल यांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली. मी आधी माफी मागितली. नोकरीतल्या अर्जासारखी सुरुवात तोंडपाठ केली होती, ती तिथे विसरलो. एवढंच म्हणालो की माझं चुकलं, ती दाराशी उभी राहायची आणि मी पाहत होतो. मग फोनचं विचारलं. निखिल म्हणाले, "बाबा, त्याला कागद कशाला?" लग्नानंतर ते मला बाबा म्हणत असत. मधल्या काळात मी त्यांच्याकडून ते ऐकलं नव्हतं.

मायलेकी गेल्यानंतरचा पहिला रविवार आला. तो आठवडा इराचा बाबांकडचा होता. संध्याकाळी पावणेसातला दाराची कडी वाजली, पाहतो तर प्रमिलाताई. न बोलावता, न कळवता, ऑटो करून आल्या होत्या. इकडे काम होतं म्हणाल्या. रविवारी कोणतं काम असतं हे आम्ही विचारलं नाही. सुनंदाने पोहे केले. ताई फोनशेजारच्या खुर्चीवर बसल्या.

सात वाजले. सात वाजून दोन मिनिटं झाली, पाच झाली. सुनंदा पोह्यांची ताटली हातात धरून उभीच होती. सात वाजून आठ मिनिटं झाली आणि माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मी अडीच महिने ज्या माणसाला रोज संध्याकाळी असं बसवून ठेवलं होतं, त्याच्या जागेवर मी आता बसलो होतो, आणि ही आठ मिनिटंच होती. ताईंना ते कळलं. त्यांनी माझ्यापुढचं रजिस्टर उचलून आपल्या मांडीवर घेतलं. न्यायालयातून परत आलेलं तेच, लाल पाठीचं. सवयीने मी ते फोनजवळ आणून ठेवलं होतं. "अच्छा, देशकरजी," त्या म्हणाल्या, "आज वेळ लिहू नका."

सात वाजून अकरा मिनिटांनी फोन आला. निखिल यांचाच होता. म्हणाले, "माफ करा बाबा, ही आंघोळीतून निघतच नव्हती. घ्या, देतो."

'देतो' हा शब्द मी त्यांना अडीच महिन्यांत एकदाही म्हटला नव्हता. माझे डोळे भरून आले, फोन सुनंदाने घेतला. ताई उठून चपला घालू लागल्या. मी त्यांना ऑटोपर्यंत सोडायला गेलो तर म्हणाल्या की मागे फिरा, तुमचा नंबर येईल आता बोलायला.

त्याला चार वर्षं झाली. इरा अकरा वर्षांची आहे. तिचं मराठी आमच्या गल्लीतल्या पोरांपेक्षा बरं आहे, कारण ते दोन्ही घरांत बोललं जातं. अश्विनीला नोकरी लागली. तिचं दीड पान आणि माझ्या तीन ओळी ताईंच्या कपाटात आहेत. इरा मोठी होऊन कधी जबलपूरला आली आणि तिने मागितलं, तर ताई ते तिच्या हाती देणार आहेत. त्या वेळी ते दुसऱ्या कोणी काढून द्यावं, हे मला चालण्यासारखं नाही. सदरच्या त्या जिन्यावरून इरा वर जाईल तेव्हा कोट काढून ठेवलेल्या ताईच समोर असल्या पाहिजेत.

म्हणून प्रमिलाताईंना उदंड आयुष्य लाभावं ही माझी इच्छा थोडी स्वार्थाची आहे, हे मी लपवत नाही. त्यांचे गुडघे त्या जिन्याला पुरून उरोत, नजर माझ्यासारख्यांचं अक्षर वाचण्याइतकी तीक्ष्ण राहो, आणि रागावायची वेळ त्यांच्यावर कमी येवो. गेल्या रविवारी मी इराला सांगितलं की प्रमिलाआजी पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या, मी त्यांच्यावर लेख लिहितो आहे. आठवडा बाबांकडचा होता. तिने फोन बाजूला न करताच निखिल यांना मोठ्याने सांगितलं. मागून त्यांचा आवाज आला, "बाबा, माझाही नमस्कार लिहा."

तो इथे लिहिला आहे, ताई.